परग्रहावर जायचं तर लोणारला जा

पृथ्वीवरच परग्रहावर गेल्यासारखं कुठे वाटतं, असं विचारलं की लडाख आणि आइसलँडची नावं येतात, त्यात मला बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणारची भर घालायची आहे. उल्का आदळून बेसाल्ट खडकात तयार झालेलं, जवळपास 1.8 किलोमीटर व्यासाचं हे विवर. चंद्रावरची बरीच विवरंही अशाच खडकात आहेत, म्हणून जगभरचे शास्त्रज्ञ इथे येतात.

काठावर उभं राहिलं की आधी फक्त झाडी आणि खाली हिरवट पाणी दिसतं. खरी जादू खाली उतरल्यावर. वरचे आवाज एकेक करत मागे राहतात, मोर ओरडतात आणि तळ्याजवळ पोचलो की खारट, उग्र वास नाकात शिरतो. पाणी खारं आणि अल्कधर्मी. आणि त्याच विवराच्या उतारावर ‘धार’ नावाच्या झऱ्याचं गोडं पाणी बारा महिने वाहतं! मला तर हेच सगळ्यात अद्भुत वाटतं.

जून 2020 मध्ये क्षारप्रेमी सूक्ष्मजीवांमुळे तळं गुलाबी झालं होतं, ते मात्र माझं हुकलं.

हिवाळ्यात, सकाळी लवकर उतरा. गावातलं दैत्यसूदन मंदिर चुकवू नका, छताकडे मान वर करून नीट बघा. आणि कृपा करून प्लास्टिक खाली नेऊ नका.