आधी मंडप, मग नाट्यगृह

पणजीत कला अकादमी झाली आणि गोव्यात मराठी नाटक रुजलं, असं म्हटलं जातं, ते मला पटत नाही. चार्ल्स कोरियांनी आखलेली ती वास्तू १९८३ची. देवळांपुढची उत्सवी नाटकं तर पोर्तुगीज अमदानीतही होत होती. आमच्या गावी जत्रेला माझे काका पडद्याची दोरी धरून बसायचे, हाताला वळ उठायचे. विंगेतून प्रॉम्प्टरचा आवाज पुढच्या चटईपर्यंत ऐकू यायचा. नाटक संपेस्तोवर पहाट होई, खाजं विकणारासुद्धा तोवर हलत नसे.

अकादमीचं मोल मला वेगळ्या कारणासाठी वाटतं. तिच्या नाट्यस्पर्धेमुळे हेच गावचे नट अकादमीतल्या दीनानाथ मंगेशकर कलामंदिराच्या रंगमंचावर उभे राहिले. मंगेशीच्या दीनानाथांचं नाव असलेल्या सभागृहात!