गाश्शो-कोन्कूरचं गाणं वर्गाच्या मतदानानं ठरावं का?

निशिकासाईची आई

मंडळी, ज्यांची मुलं जपानी सरकारी शाळेत आहेत त्यांना हे दिवस कसे जातात ते सांगायला नको. इतरांसाठी थोडक्यात सांगते. चूगाक्कोत, म्हणजे सातवी ते नववीत, बहुतेक ठिकाणी शरदात वर्गावर्गांची समूहगायनाची चुरस असते, तीच गाश्शो-कोन्कूर. बऱ्याच शाळांत ती सांस्कृतिक महोत्सवाला जोडूनच घेतात. गाता येणारं आणि न येणारं, वर्गातलं प्रत्येक मूल मंचावर उभं राहतं. पियानो वाजवणारं मूल वर्गातलंच, समोर उभं राहून ताल देणारंही वर्गातलंच. अनेक शाळांत एक गाणं नेमून दिलेलं असतं आणि दुसरं वर्गानं निवडायचं असतं. माझा मुद्दा या दुसऱ्या गाण्याचा आहे.

मुलगा दुसऱ्या वर्षाला आहे. त्यांच्या वर्गात काही गाण्यांची ध्वनिमुद्रणं ऐकवली, हात वर करायला सांगितले आणि टीव्हीवर गाजलेल्या एका पॉप गाण्याचं समूहगायनासाठी केलेलं रूप निवडून आलं. चाल सगळ्यांच्या तोंडात आधीच होती, एवढंच कारण. आता ती चाल सगळीच्या सगळी सोप्रानोच्या, म्हणजे वरच्या सुरात गाणाऱ्या मुलींच्या वाट्याला गेली आहे. अल्टोच्या, म्हणजे खालच्या सुराच्या मुली लांब सूर धरून उभ्या आणि मुलग्यांना पानभर नुसतं 'ऊ' आणि 'आ'.

या वयात मुलग्यांचा आवाज फुटत असतो. कुणाच्या हाताशी जेमतेम पाच-सहा स्वर उरलेले असतात आणि तेही टिकतील याची खात्री नसते. अशा मुलाला गाण्यात धड ओळही मिळाली नाही, तर त्यानं ओठ हलवत उभं राहायचं का? कुठलं गाणं वर्गाच्या गळ्यात बसेल हे संगीताच्या शिक्षकांना कळतं. त्यांनीच ठरवावं, असं माझं स्पष्ट मत आहे. हात वर करून चालीची लोकप्रियता कळते, वर्गाचा आवाज कळत नाही.

योकोहामाकर

ताई, मी पूर्ण असहमत. हा संगीताचा तास नाही. जपानी अभ्यासक्रमात हे 'तोक्कात्सु'मध्ये येतं, म्हणजे वर्ग चालवणं, सफाई, सहली, क्रीडामहोत्सव यांच्या पंक्तीत. मुलांनी मिळून काही ठरवावं आणि पार पाडावं हाच त्यामागचा हेतू. आमच्या मुलीच्या शाळेत दोन वर्गांना एकच गाणं हवं होतं, तर प्रतिनिधींनी सगळ्यांसमोर जान्केन (दगड-कागद-कात्री) करून निकाल लावला. हरलेला वर्ग दोन दिवस हिरमुसला, मग दुसऱ्या गाण्याला भिडला. शिक्षकांनी वरून उतरवलेल्या गाण्यासाठी सकाळी शाळेआधी सरावाला कोण येणार?

आणि पॉप म्हटलं की नाक मुरडू नका. एनएचके या जपानच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेची शालेय संगीत स्पर्धा 1932 पासून चालू आहे. तिच्या माध्यमिक विभागाचं 2008 चं नेमलेलं गाणं पॉप गायिका अँजेला आकीनं लिहिलेलं 'तेगामी' होतं, 2009 चं 'येल' हे इकिमोनो-गाकारी या पॉप बँडचं. दोन्ही आज शाळाशाळांतून गायली जातात. पॉप आणि समूहगायन यांतली भिंत खुद्द एनएचकेनंच केव्हाची पाडली.

निशिकासाईची आई

दादा, 'तेगामी' समूहगायन स्पर्धेसाठीच नेमलेलं होतं, त्यात प्रत्येक भागाला खरं काम आहे. माझी तक्रार पॉपबद्दल नाही. एका गळ्यासाठी, मायक्रोफोनसाठी बांधलेलं गाणं घाईनं तीन भागांत कापतात, त्याबद्दल आहे.

चिबाची अल्टो

मी इथेच वाढले, तिन्ही वर्षं अल्टोत गायले. "ए मुलग्यांनो, नीट गा ना!" हे वाक्य जपानमध्ये प्रत्येकाला पाठ आहे, इतकं ते दर शरदात वर्गावर्गांतून ऐकू येतं. कधी एखादी मुलगी रडत वर्गाबाहेर जाते, मग सगळे तिला शोधायला धावतात. या भांडणाचं खापर नेहमी मुलग्यांच्या आळसावर फुटतं. आमच्या वर्गात पहिल्या वर्षी तेच झालं. दुसऱ्या वर्षी निवडलेल्या गाण्यात मधल्या कडव्याची चाल मुलग्यांकडे होती आणि आम्ही मुली त्यावर उत्तर देत होतो. तेच मुलगे जेवणाच्या सुट्टीत जिन्यात उभे राहून आपली ओळ घोळवायला लागले. कुणी ओरडावं लागलं नाही.

हे गाणंही मतदानानंच निवडलं होतं, हे मुद्दाम सांगते. त्यामुळे शिक्षकांनीच ठरवावं हे मला पटत नाही. मतदानाआधी मुलांना फक्त ध्वनिमुद्रण ऐकवतात, खोट तिथे आहे. त्यात कसलेले गायक गातात. ते ऐकून सगळंच गोड वाटतं.

सदाशिव पेठेतली पेटी

एक शंका. सगळ्यांनी एकाच सुरात का गाऊ नये? आपल्याकडे शाळेत समूहगीत तसंच बसवतात, पन्नास मुलं एक चाल गातात आणि अंगावर काटा येतो.

निशिकासाईची आई

काका, तसंही गाता येतं, पण इथे परीक्षक ऐकतात ते भागांचा तोल. घरी गंमत होते. मुलगा फक्त आपला भाग घोकतो आणि व्हिडिओ कॉलवर आजी काळजीनं विचारते, "हा बेसूर का गातोय?" शाळेत चाळीस जणांत तीच ओळ बरोबर बसते.

सेन्दाईहून

तुम्ही सगळे चालीबद्दल बोलताय. शब्दांचं काय?

'गुंज्यो' हे गाणं आता अनेक शाळा निवडतात. ते फुकुशिमातल्या मिनामीसोमा इथल्या ओदाका माध्यमिक शाळेचं. अणुवीज प्रकल्पाच्या अपघातानंतर तो भाग रिकामा करावा लागला, वर्गमित्र देशभर पांगले. राहिलेली मुलं मोठ्या नकाशावर कोण कुठे गेलं त्याचे फोटो चिकटवत होती आणि बोलत होती, किती लांब आहे, तिथवर जायचं कसं, पण वरचं आभाळ तर जोडलेलं आहे. संगीताच्या बाईंनी मुलांची अशी बोलणी टिपून ठेवली, त्यांतून हे गाणं झालं आणि 2013 च्या मार्चमध्ये त्या मुलांनी ते आपल्या निरोप समारंभात गायलं. हे काहीच न सांगता "चाल छान आहे" म्हणून दुसऱ्या टोकाच्या शाळेनं ते चषकासाठी गावं, हे मला बघवत नाही. गाऊच नये असं मी म्हणत नाही, उलट गावं. पण मत देण्याआधी एक तास याला द्या.

'दाइची सान्शो' या गाण्याचंही तसंच. शेवटच्या वर्षाची मुलं ते छाती भरून गातात, पृथ्वीची स्तुती म्हणून. ते 1962 च्या 'त्सुचि नो उता' (मातीचं गाणं) या कँटाटाचा, म्हणजे अनेक भागांच्या मोठ्या गायनरचनेचा, सातवा आणि शेवटचा भाग आहे. तिसऱ्या भागाचं नावच 'मृत्यूची राख' आहे, विषय अणुबॉम्ब. त्या राखेतून जाऊन शेवटी मातीला केलेलं ते वंदन आहे. हे माहीत असलेला वर्ग वेगळा गातो, मी ऐकलं आहे.

पियानोवालीची आई

पियानो वाजवणाऱ्या मुलीचा विचार कुणी करतं का? वर्गात असं वाजवणारी एक किंवा दोन मुलं असतात. मतदान होतं, सगळे टाळ्या वाजवतात आणि सहा-सात पानांची अवघड साथ एका पोरीच्या गळ्यात पडते. तिची उन्हाळी सुट्टी त्यात जाते. तिला आधी विचारा. तिनं नाही म्हटलं तर ते गाणं यादीत यायलाच नको.

योकोहामाकर

पियानोचा मुद्दा शंभर टक्के मान्य. सेन्दाईचाही. पण हे सगळं मुलांना सांगता येतं, मुलं ऐकतात. त्यांच्या हातून निवड काढून घ्यायला यातलं एकही कारण पुरेसं नाही. 'ताबिदाची नो हि नि' हे निरोपाचं गाणं आठवा. 1991 मध्ये चिचिबूच्या कागेमोरी माध्यमिक शाळेच्या मुख्याध्यापकांनी शब्द लिहिले, संगीताच्या बाईंनी चाल दिली. आज देशभर निरोपाला तेच गातात, कारण वर्षानुवर्षं मुलांना ते गावंसं वाटलं.

निशिकासाईची आई

मुलांना गावंसं वाटलं हे खरं, पण लिहिणाऱ्यांना शाळेतले आवाज रोज कानावर होते म्हणून ते गळ्यात बसलं, हेही तितकंच खरं.

पुढच्या पालक सभेत मी हे मांडणार आहे: संगीताच्या शिक्षकांनी चार गाणी काढावीत, मुलग्यांच्या आवाजाची आजची झेप पाहून आणि पियानोवाल्याला विचारून. प्रत्येक गाण्याची पार्श्वभूमी सांगावी. मग नुसतं ऐकवू नये, प्रत्येकाचं एक पान तिन्ही भागांत मुलांकडून गाऊन घ्यावं. हात त्यानंतर वर करावेत. यापुढे मी मागे हटणार नाही, थेट मतदानाला माझा विरोध कायम आहे.

योकोहामाकर

चालेल. पण चारांतलं एक गाणं मुलांनी सुचवलेलं हवं, आणि ते पॉप निघालं तरी तेही एक पान गाऊन बघायचं. एवढं लिहा, मग त्या पत्रावर माझीही सही घ्या.