भरलेलं फवारणीचं विमान उचललंच नाही, असं का होतं?

भातवाली_आर्कान्सा
नमस्कार मंडळी. मी आर्कान्सात भातपिकाची सल्लागार आहे. इथे खाचरात पाणी सोडायच्या आधी युरिया विमानाने टाकतात. परवा दुपारी कच्च्या पट्टीवरून युरिया भरलेलं विमान सुटलं. शेपूट वर आली, चाकं क्षणभर सुटली आणि परत टेकली. पट्टी संपली, विमान कालव्याच्या बांधाला धडकून सोयाबीनमध्ये उलटं झालं. पायलटचा खांदा मोडलाय, पण तो शुद्धीवर आहे. इंजिनाचा आवाज शेवटपर्यंत नीट होता. गावात सगळे "जास्त भरलं होतं" म्हणून मोकळे झाले, ते मला पटत नाही. सकाळी तेवढाच माल घेऊन तो इथूनच उडत होता. मग दुपारी काय बदललं?

पाना_पकड
ताई, माणूस वाचला, हे फार बरं झालं. मी लुइझियानात अशाच विमानांची देखभाल करतो. खरं कारण तपासातच कळेल, पण पहिला संशय हवेवर घ्या. समुद्रसपाटीची पट्टी 35 अंशांत जवळपास 2,400 फुटांवर असल्यासारखी वागते, म्हणजे पुण्यापेक्षाही उंच. तापून हवा विरळ झाली की पंखांची उचल, प्रोपेलरची ओढ आणि इंजिनाची ताकद तिन्ही घटतात. आवाजात काही कळत नाही. चाकं सुटून परत टेकली म्हणता, तेही यात बसतं: जमिनीलगत विमान थोडं आधी तरंगतं, पण वर चढण्याइतका वेग नसतो.

वारा कुठून होता? माल भरायची जागा एका टोकाला असते, फेरा वाचवायला मागून वारा असला तरी तिथूनच सुटतात. उड्डाणाच्या वेगाच्या 10 टक्के वारा मागून असला, तर धाव सुमारे 20 टक्क्यांनी वाढते.

विदर्भकर
पण दादा, मग त्याने माल सोडून का दिला नाही? यांच्यात तशी सोय असते ना?

पाना_पकड
असते. डंपचा, म्हणजे माल एकदम सोडून द्यायचा, दांडा ओढला की हॉपरचं, म्हणजे मालाच्या टाकीचं, दार उघडतं. एअर ट्रॅक्टर 802 या फवारणीच्या विमानात 3,000 लिटर मावतं, म्हणजे रिकाम्या विमानाच्या वजनाइतकाच माल. तो गेला की विमान झटकन हलकं होतं, नाकही वर उसळतं, म्हणून स्टिक पुढे दाबून धरावी लागते. औषधाचं पाणी भसकन जातं. युरियाचं तसं नाही, दमट हवेत त्याला पाणी सुटतं, गोळे होऊन तो दारातच अडतो. आणि निर्णयाला मिळतात दोन-तीन सेकंद. म्हणून जागा आधीच ठरवायची: अर्ध्या पट्टीवर उड्डाणाच्या वेगाच्या 70 टक्के वेग आला नाही, तर थांबायचं.

विदर्भकर
तो वाचला, त्यात विमानाच्या रचनेचाही वाटा आहे. 1950 साली टेक्सासमध्ये फ्रेड वाइक या अभियंत्याने एजी-1 हे फवारणीचं विमान केलं, त्यात पायलटला हॉपरच्या मागे आणि उंचावर बसवलं. समोरची धडक आधी पुढचा भाग झेलतो. आपल्या एचएएलचं 'बसंत'ही फवारणीसाठीच बनवलेलं होतं.

भातवाली_आर्कान्सा
वारा मागूनच होता, आता आठवतंय, धूळ त्याच्याच दिशेने पुढे जात होती. युरिया पडला की थोड्याच दिवसांत पाणी सोडावं लागतं, नाहीतर नत्र हवेत उडून जातं. म्हणून सगळे शेतकरी त्याच्या मागे लागतात, मीही त्यांच्यासाठी तारखा लावते. पुढच्या आठवड्यापासून दुपारच्या खेपा कमी भरायच्या, हे मी शेतकऱ्यांशी आणि मालकाशी बोलून ठरवते. अर्ध्या पट्टीवर झेंडा लावायचंही त्यांना सांगते.