सात वर्षं 'मजेत', पण कुणाच्या जिवावर?

पिवळंपाकीट: परवा इथे एका महाशयांनी लिहिलं, "बर्लिनमध्ये सात वर्षं इंग्रजीवर मजेत काढली, जर्मन शिकणं म्हणजे वेळ वाया घालवणं." वाचून डोकं फिरलं. या देशात सगळं पत्राने येतं. दोन आठवड्यांत आनमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची नोंदणी करा, मागोमाग कर क्रमांकाचं पत्र, मग रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं, घरात टीव्ही असो वा नसो. जर्मन न येणाऱ्या माझ्या फ्लॅटमेटने दंडाचं पिवळं पाकीट न उघडताच चपलांच्या कपाटावर ठेवून दिलं. पोस्टमन त्यावर जी तारीख टाकतो, तिथून मुदत सुरू होते, तुम्ही उघडा न उघडा. हरकत घ्यायचे दोन आठवडे कधीच उलटले होते. मग धावपळ कुणाची? माझी!

बर्लिनकर७: तो महाशय मीच. फ्लॅटमेटला पाकीट फोडायचा आळस, त्यात भाषेचा काय दोष? फोनचा कॅमेरा धरला की भाषांतर हजर. ऑफिसात सगळं इंग्रजीत. घरी दोन वर्षांचं पोर. क्लासला रात्री बाराला जाऊ? आणि माझा बी१, म्हणजे जर्मनची मधली पातळी झालेला मित्र बव्हेरियात शेजारणीची बोली न कळून नुसता मान डोलावतो.

ओटाहीन: भाषेचं राहू द्या हो, ओट्याचं बोला! भाड्याचं घर घेतलं, किल्ली फिरवली, आत गेलो तर स्वयंपाकघरात भिंतीतून आलेल्या दोन नळ्या आणि एक जाड वायर. ओटा नाही, सिंक नाही. पाच आठवडे बाथटबशेजारी गुडघे टेकून भांडी घासली. भाताची शितं जाळीत अडकायची, ती टूथपिकने काढायची.

पिवळंपाकीट: करारात 'आइनबाउक्युशे', म्हणजे बसवलेलं स्वयंपाकघर, हा शब्द आहे का बघितलंत? नसेल तर ओटा नाही. आलो ना फिरून भाषेवरच!

ओटाहीन: जाहिरात इंग्रजीत होती, पंतोजी.

जुनी_भाडेकरू: तुम्ही नशीबवान. मला आधीच्या माणसाने त्याचा ओटा १८०० युरोंना गळ्यात मारला. ओव्हनचं दार दोरीने बांधायचे. नाही म्हटलं असतं तर घर दुसऱ्याला गेलं असतं. रांगेत चाळीस जण होते.

बर्लिनकर७: त्यांचा ओटा, ते नेणार नाहीतर विकणार. यात रडण्यासारखं काय?

जुनी_भाडेकरू: तुम्हाला कंपनीने सजवलेलं घर मिळालं असणार. म्हणूनच 'मजेत'.

बर्लिनकर७: पहिले सहा महिनेच. वैयक्तिक होऊ नका.

पिवळंपाकीट: होणारच. ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांच्या परवान्यावर, बी१ असेल तर २१ महिन्यांत कायमचा परवाना मिळतो. तुम्हाला किती लागले?

बर्लिनकर७: ३३. तेव्हा ए१वर, म्हणजे अगदी पहिल्या पातळीवर, तेवढेच लागायचे, आता २७ आहेत. बरं, वर्षभर फुकट गेलं, मान्य. झालं समाधान? पेढे वाटा. पण ए१ केलं म्हणजे थोडं शिकलोच ना?

पिवळंपाकीट: 'इश कोमे आउस इंडियन', म्हणजे 'मी भारतातून आलोय', एवढंच. अभिनंदन.

ओटाहीन: तुमचं चालू द्या. मी पुढच्या महिन्यात घर सोडतोय. चार वर्षं वापरलेला ओटा, सिंक चकाचक. नवा भाडेकरू घेत नाही म्हणतो. कुणाला हवाय का?

जुनी_भाडेकरू: कितीला गळ्यात मारताय?