रोजच्या मनस्तापासाठी थेरपी : गरज की चोचले?

पाऊलवाट
परवा हळदीकुंकवाला मी सहज बोलून गेले की चार महिन्यांपासून समुपदेशकाकडे जातेय. सगळ्या गप्प. मग एका मावशींनी हळूच विचारलं, "घरी सगळं ठीक आहे ना गं?"

ठीक आहे. नवरा समजूतदार, नोकरी आहे, मुलगा आठवीत. पण दोन वर्षांपूर्वी आई गेली, तेव्हापासून मी बारीकसारीक गोष्टींवरून भडकत होते. मुलाने डबा न संपवता आणला की माझा आवाज शेजारी जायचा, आणि रात्री तो झोपला की त्याच्या उशाशी बसून मी रडायचे. याला कुणी आजार म्हणणार नाही. म्हणून असंच चालू द्यायचं?

तिसऱ्या भेटीत समुपदेशक बाईंनी डब्याचा प्रसंग लिहायला सांगितला: काय घडलं, त्या क्षणी मनात कुठलं वाक्य आलं, मग काय वाटलं. वाक्य होतं, 'मी पाचला उठून करते, तर त्याने खाल्लंच पाहिजे.' बाईंनी त्या 'च'खाली रेघ ओढली. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेली आणि मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडके यांनी मराठीत रुजवलेली विवेकनिष्ठ पद्धत ती हीच. घटनेतून थेट संताप येत नाही, मधे आपली मागणी उभी असते. 'खाल्लं तर बरं' ही इच्छा, ती मोडली तर वाईट वाटतं. 'खाल्लंच पाहिजे' मोडलं की डोक्यात तिडीक जाते. डबा अजूनही परत येतो, पण माझा आवाज आता शेजारी जात नाही.

माझं ठाम मत आहे की साध्या, रोजच्या कुतरओढीसाठीही जावं. तुम्हाला काय वाटतं?

ओसरी
ताई, तुम्हाला बरं वाटलं याचा आनंद आहे, पण मत पटलं नाही. माझं वय ७१. माझ्या आजीने १९७२ चा दुष्काळ काढला, दोन लेकरं गमावली. जात्यावर बसली की ओवीतून सगळं बाहेर यायचं. आपण घरातली माणसं दूर केली आणि आता ऐकणारा माणूस तासाला हजार-दीड हजार देऊन आणतो. शिवाय आई गेल्यावर दोन वर्षं जीव थाऱ्यावर नसणं यात उपचार करण्यासारखं काय आहे? दुःख आहे ते. ते भोगावं लागतं.

तिन्हीसांज
ओसरी, पहाटे घर झोपलेलं असायचं म्हणून बाई जात्यापाशी मोकळी व्हायची. जिच्याबद्दल बोलायचं त्या सासूच्या तोंडावर ती ओवी म्हणाली असती का? थेरपिस्ट आपल्या घरातला, नात्यातला नसतो, म्हणूनच उपयोगी पडतो. माझ्याही आजीने खूप सोसलं. सगळे तिला 'तापट' म्हणायचे. तिला आत काय होतंय हे मात्र कुणी विचारलं नाही.

बांध
माझा आक्षेप वेगळा आहे. कुणाकडे जायचं? आमच्या तालुक्याच्या गावात पाटी लावलेले एकच 'समुपदेशक' होते. पाचव्या मिनिटाला ते स्वतःच्या घटस्फोटाची गोष्ट सांगायला लागले आणि शेवटी शिबिराची पावती फाडली. मी पुन्हा कुणाच्या दारात गेलो नाही.

मांडवी
बांध, तुमचा राग रास्त आहे. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणवणाऱ्याला भारतीय पुनर्वास परिषदेचा (त्यांची नोंदणी करणारी केंद्रीय संस्था) नोंदणी क्रमांक सरळ विचारा, त्यात संकोच नको. गावात कुणीच नसेल तर टेली-मानस या फोनवरून मानसिक आधार देणाऱ्या सेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून आहे, मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

आणि खर्चाबद्दल. आमच्या गोव्यात 'संगत' संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या साध्या लोकांना शिकवून तयार केलं. नैराश्याच्या रुग्णांना सहा ते आठ भेटी, आणि भर कशावर, तर सुटलेली कामं, सुटलेली माणसं थोडी थोडी पुन्हा धरण्यावर. डॉक्टरांच्या नेहमीच्या उपचाराला ही जोड मिळालेल्यांची लक्षणं तीन महिन्यांनी इतरांपेक्षा कमी होती. २०१७ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं.

ओसरी
मग हे माझ्याच बाजूचं झालं की. पदवी नसलेली माणसंच ऐकत होती ना? शेजारी काय वाईट?

मांडवी
काका, त्या माणसांना ऐकण्याचं रीतसर प्रशिक्षण दिलेलं होतं आणि ती भेटींचं ध्वनिमुद्रण ऐकून एकमेकांचं काम तपासत होती. शेजारीण दुसऱ्या वाक्याला सल्ला देते आणि संध्याकाळपर्यंत गल्लीभर होतं. मायेला काही कमी नसतं, पण ऐकणं शिकावं लागतं.

ओसरी
गल्लीचं मान्य. तरी प्रत्येक दुःखाला उपचार हे मला जड जातं.

पाऊलवाट
काका, दुःखाबद्दल तुम्ही म्हणता ते खरंय. बाईंनीही ते कमी करायला सांगितलं नाही. उलट, आईसाठी मी रडलेच नव्हते हे सातव्या भेटीत कळलं. डब्यात मी देत होते त्या आईच्या हातच्या मेथीच्या वड्या, तिच्याच प्रमाणाने केलेल्या. त्या परत आल्या की आईलाच कुणी नको म्हटल्यासारखं वाटायचं. हे मला स्वतःलाच माहीत नव्हतं, तर घरी कुणाला काय सांगणार होते?

काल मुलाला सांगितलं. तो बराच वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "मला आजीचं थालीपीठ आवडायचं. मेथी कधीच नाही." आज थालीपीठ दिलंय.