मदत हवी आहे: इंजेक्शनआधीच साखर कमी आली तर डोस द्यायचा का?

सांगली, विश्रामबाग. बोका, वय ९, वजन ५.२ किलो, मधुमेहाचं निदान १२ दिवसांपूर्वी. ग्लार्जिन (संथ, जास्त वेळ चालणारं इन्सुलिन) १ युनिट, दर १२ तासांनी; फक्त ओलं, कमी कर्बोदकांचं खाणं.

कानाच्या कडेला टोचून घेतलेली कालची साखर: सकाळी ७ ला ३९४, ११ ला २१०, १ ला १२४, ५ ला १५१, संध्याकाळी ७ ला १६८. मीटर माणसांचा आहे, म्हणजे खरा आकडा याहून थोडा जास्तच असणार. १६८ ला खाणं न देता अर्ध्या तासाने परत तपासलं, १७४. डोस टाळला, आज सकाळी थेट ४२०. डॉक्टर उद्या भेटतील. तोवर अनुभवींना विचारायचंय: अशा वेळी पूर्ण डोस, अर्धा, की साखर २०० वर जाईपर्यंत थांबायचं? थांबलं तर पुढची वेळ कशी जुळवता?

दुसरी अडचण सिरिंजची. सांगली-मिरजेत ०.३ मिलीची, अर्ध्या युनिटच्या खुणांची यू-१०० (१ मिलीत १०० युनिट इन्सुलिनसाठीची) सिरिंज कुठे मिळेल? दुकानात लाल टोपणाची यू-४० (१ मिलीत ४० युनिटवाली) पुढे करतात. यू-१०० चं इन्सुलिन तिच्यात १ युनिटच्या खुणेपर्यंत भरलं तर अडीच युनिट जातं, मांजराच्या जिवावर बेतेल. पाणी घालून पातळ करा असं कृपया सुचवू नका. ग्लार्जिनचा संथ परिणाम त्याच्या आम्लतेवर अवलंबून असतो, तो बिघडतो.

मध हाताशी ठेवलाय, ६० च्या खाली गेलं तर हिरड्यांना चोळायला.