मदत हवी आहे: नळयोजनेवर लिहिलं म्हणून भावाला पोलिसांची नोटीस

नमस्कार. आम्ही सांगली जिल्ह्यातले. गावात नळयोजनेची पाटी लागून वर्ष उलटलं, नळाला थेंब नाही. धाकट्या भावाने गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोरड्या नळाचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, "बिल निघालं, पाणी कधी निघणार? ग्रामपंचायतीने हिशेब द्यावा." कुणाचं नाव नाही, शिवी नाही, जातीधर्माचा विषय नाही. दुसऱ्या दिवशी ठाण्यातून फोन: अर्ज आलाय, येऊन माफीनामा लिहून द्या. संध्याकाळी व्हॉट्सॲपवरच नोटिशीचा फोटो आला. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम १६८. शांतता भंग झाल्यास "सदर नोटीस आपणाविरुद्ध पुरावा म्हणून वापरण्यात येईल" असं खाली छापलंय.

भाऊ पोलीस भरतीची तयारी करतोय, पहाटे ग्राउंड आणि दिवसभर अभ्यासिका. चारित्र्य पडताळणीत अडकेल म्हणून आई म्हणते, लिहून दे आणि मोकळा हो. मला हे मुळीच पटत नाही. पाणी मागितलं म्हणून माफी कसली मागायची?

पालघरच्या दोन मुलींना २०१२ मध्ये फेसबुकवरच्या मजकुरासाठी अटक झाली, त्यातून श्रेया सिंघल खटला उभा राहिला आणि २४ मार्च २०१५ रोजी सुप्रीम कोर्टाने आयटी कायद्याचं ६६अ कलम (आक्षेपार्ह ऑनलाइन मजकुराला शिक्षा देणारं) रद्द केलं, हे मी वाचलंय. तरीही त्या कलमाखाली गुन्हे नोंदवले जात होते आणि २०२२ मध्ये कोर्टाला पुन्हा बजावावं लागलं. मग निकाल आपल्या बाजूने असला तरी ठाणे अंमलदारासमोर उभं राहून नेमकं काय बोलायचं? हजर राहणं सक्तीचं आहे का? पडताळणीत हे येईल का?

प्रतिसाद:
ताई, माफीनामा देऊ नका. उद्या तोच कबुली म्हणून पुढे येईल.

१६८ म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं (सीआरपीसी) १४९. दखलपात्र गुन्हा (ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात) घडू नये म्हणून पोलीस समज देतात ती ही नोटीस. ती आली म्हणजे गुन्हा दाखल झाला असं नाही. ३५(३) ची, म्हणजे जुन्या ४१अ ची, चौकशीला हजर राहण्याची नोटीस असेल तर मात्र जावंच लागतं, टाळलं तर अटक होऊ शकते. ती व्हॉट्सॲपवर पाठवून चालत नाही, असं सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केलंय. तुमची १६८ चीच असली तरी गप्प बसू नका. दोन प्रतींत लेखी खुलासा द्या: मूळ मजकूर जसाच्या तसा, तो सार्वजनिक कामाबद्दल आहे, आणि राज्यघटनेच्या कलम १९(१)(अ) खाली, म्हणजे अभिव्यक्तिस्वातंत्र्याखाली, तसं लिहिण्याचा हक्क आहे. एका प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय ठाण्यातून निघू नका. शक्यतो वकील सोबत असू द्या.

जावेद हजाम निकाल जवळ ठेवा. कोल्हापूर जिल्ह्यातल्या प्राध्यापकावर ३७० कलमाबद्दलच्या व्हॉट्सॲप स्टेटसवरून भारतीय दंड संहितेचं १५३अ (गटागटांत तेढ वाढवणं) लागलं होतं. मुंबई हायकोर्टाने गुन्हा रद्द करायला नकार दिला, पण मार्च २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो रद्द केला. सरकारच्या निर्णयावर टीका करण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला आहे, आणि शब्दांचा परिणाम कमकुवत मनाच्या माणसावरून नाही तर समंजस, खंबीर माणसावरून मोजायचा, असं त्यात म्हटलंय. नागपूरला न्या. विवियन बोस यांनी घालून दिलेली ही जुनी कसोटी. खरोखरच गुन्हा नोंदवला तर तो रद्द करून घ्यायला आता मुंबई गाठायला नको, ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच आहे.

पडताळणीच्या फॉर्मवर प्रश्न शब्दशः वाचून खरं तेच लिहू दे. नोकरीच्या पडताळणीत माहिती दडवण्याबद्दलच्या सुप्रीम कोर्टाच्या अवतार सिंग निकालानंतर (२०१६) दडवलेली माहितीच जास्त महागात पडते.

धागाकर्ती:
खूप आभार. नोटिशीची मूळ प्रत अजून हातात दिलेली नाही, तेही खुलाशात लिहिते. तासगाव-मिरज बाजूला अशी प्रकरणं बघणारे वकील कुणाच्या ओळखीचे असतील तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. आणि मूळ तक्रार अर्जाची प्रत माहिती अधिकारात मिळते का? कुणी काढली असेल तर अर्जात काय लिहिलं ते सांगा.